धूरअण्णा

धूरअण्णा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या घरावरचा धूर बघत. कुणाकडे बारशाला गेले तरी पाय धुण्याआधी मान वर. उपरण्याचं एक टोक मोकळं सोडायचं, ते कुठल्या अंगाला उडतं ते न्याहाळायचं, आणि मग विचारायचं, "धूर कुणाच्या दारात जातोय, राव?" बिचारा यजमान घुगऱ्यांचं ताट हातात धरून स्वतःच्याच छपराकडे बघत राही.

बारामतीच्या म्युनिसिपालिटीत ते सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. कागदोपत्री त्यांचं दुसरं काही नाव असणार, पण गावाला त्याची कधी गरज पडली नाही. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले तेव्हा एकट्या बाईला कुणी खोली देईना. इंदापूर रस्त्याकडेच्या आपल्या घरातली पुढची खोली अण्णांनी मला दिली, तीही "बाई, तुमी चुलीत काय जाळता?" एवढीच चौकशी करून. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. प्रदूषण हा शब्द अजून कुणाच्या कानावरून गेला नव्हता. कचेरीत त्याला 'उपद्रव' म्हणत आणि पेठेतले व्यापारी 'अण्णांची कटकट' म्हणत.

अण्णा मूळचे कळसचे. वडिलांची मेंढरं होती, त्यामुळे अर्धं बालपण माळावर गेलेलं. मुक्काम पडला की त्यांची आई आधी वारा बघे आणि मग चुलीचे तीन दगड मांडी, म्हणजे धूर कोकरांच्या आणि पोरांच्या डोळ्यांत जायला नको. अण्णा पुढे शिकले, खाकी कोट चढवून सरकारी भाषेत नोटिसा लिहू लागले, पण त्यांचा सगळा कायदा त्या तीन दगडांपाशीच सुरू होई. कलम वगैरे ते नंतर शोधत.

त्यांची तऱ्हा ठरलेली असे. पेठेत एका व्यापाऱ्याचं दुमजली घर बांधलं जात होतं. चुन्याची कळी भर रस्त्यात विझवायचं काम सुरू होतं आणि त्याची पूड शेजारणीच्या वाळवणावर बसत होती. अण्णा जाऊन त्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसले. आतून चहा आला. "आधी तरट, मग च्या," अण्णा म्हणाले. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. शेवटी व्यापाऱ्याची म्हातारी आईच वैतागून बाहेर आली आणि तिने गडीमाणसांना हाताशी धरून ढिगाभोवती गोणपाटाचा आडोसा उभा केला. मग अण्णांनी तो गारढोण चहा बशीत ओतून सावकाश प्यायला आणि "साखर जरा कमी हाय" असा शेराही मारला. त्या वर्षी गावात जेवढी घरं बांधली गेली तेवढ्यांना तरट लागलं. लोक हसत, पण बांधत.

घरात त्यांची थट्टा करायला वहिनी होत्या. लहानखुऱ्या, घोगऱ्या आवाजाच्या. "लग्नात ह्यांनी माझं तोंड कुठं बघितलं," त्या मला सांगत, "होमाचा धूर वऱ्हाडावर जातोय का भटजीवर, ते बघत व्हते." वहिनींना दमा होता. अण्णांनी त्यांच्या चुलीवर स्वतः ठोकून पत्र्याचं धुराडं बसवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देवघर दाखवावं तसं ते दाखवत. वहिनी लाजून आत जात. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांची खोडी काढणं, हाच त्यांचा संसार, आणि मला तो फार आवडे.

आमच्या शाळेला लागून किसनरावांची विटांची भट्टी होती. भट्टी पेटली की वर्गात धूर भरे. पोरी खोकून खोकून रडकुंडीला येत, पाढे म्हणताना मध्येच थांबत. शाळेने अर्ज केला आणि भट्टी हलवायची असं म्युनिसिपालिटीत ठरलं. पण हलवायची कुठे? चहूकडे कालव्याखालची बागायत, तिथे कोण जागा देणार? हद्दीबाहेर गेली तर तिला विचारणारं कुणी उरणार नव्हतं. म्युनिसिपालिटीच्या मोकळ्या जागा दोनच. एक ओढ्यापलीकडे, मजुरांच्या झोपड्यांना लागून. दुसरी इंदापूर रस्त्याला, अण्णांच्या परसाच्या मागे.

ओढ्यापलीकडची जागा मंजूर होणार, हे गृहीतच होतं. सभेत किसनराव उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, चिडलेला होता. "अण्णा, तुमी म्हणाल तितं जातो मी. पर एक सांगा, जलमभर तुमी समद्यांना इचारलं. आता मी इचारतो. धूर कुणाच्या दारात जाईल?"

अण्णांनी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हटलं. सकाळीच ते ओढ्यापलीकडे जाऊन, उपरणं सोडून, बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. मी पाणी भरायला आत गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"तितं नेली तर झोपड्यांत घुसतोय धूर. सरळ," अण्णा म्हणाले.

"आन् हितं?"

"हितं आपल्यात. निम्मा माळावर जाईल. निम्मा आपल्यात."

वहिनींनी भाकरी उलटली. "तितं बी कुणाला तरी दमा आसंलच की," त्या म्हणाल्या. "त्यांच्या चुलीवर तुमी धुराडं बसवलंया का? माझ्या तर हाय."

अण्णांनी तिथेच बसून आपल्या परसामागच्या जागेची शिफारस लिहायला घेतली. मला त्या दोघांचाही विलक्षण राग आला. रात्री मी वहिनींशी भांडलेसुद्धा. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांनी दुसरं काय केलं आसतं तर ह्यांना झोप न्हाय आली आसती. मग मला तरी कुठनं येणार?"

दिवाळीनंतर भट्टी आमच्या मागे पेटली. अण्णांनी किसनरावांना चिमणी उंच करायला लावली, ओला पाचोळा जाळायला बंदी केली, परसाच्या कडेने तट्ट्यांची भिंत उभारली. सगळं केलं. पण थंडीत सकाळचा धूर वर चढतच नाही, जमिनीसरपट येतो. वहिनींची धाप वाढली. मग मी त्यांना रोज माझ्याबरोबर शाळेत नेऊ लागले. आमच्या शाळेत आता स्वच्छ हवा होती. व्हरांड्यात लिंबाच्या सावलीला बसून त्या पोरींचे पाढे ऐकत, त्यांच्या वेण्या घालत. संध्याकाळी अण्णा न्यायला येत. दोघं शाळेच्या फाटकाशी थोडी रेंगाळत, घरी जायला लवकर निघत नसत. ते बघून मला गलबलून येई.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. अण्णांनी त्यांना कळसला भावाकडे पोचवलं. वहिनी आठवडाभरात एसटीने एकट्याच परत आल्या. "तितं हवा लई चांगली हाय," पिशवी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "पर बोलायला माणूस न्हाय." अण्णा रागावले, आणि रागावता रागावता त्यांनी तोंड फिरवलं.

माघात एका पहाटे वहिनी गेल्या.

आमच्याकडे दारात मयत असताना शेजारीही चूल पेटवत नाहीत. त्या सकाळी रस्त्यावरच्या एकाही घरातून धूर निघाला नाही. फक्त मागे भट्टी पेटलेली होती. पेटलेली भट्टी मध्येच थांबवता येत नाही. किसनराव बोडक्या डोक्याने धावत आले आणि अण्णांच्या पायाशी बसले. "अण्णा, पाणी मारून इझवतो मी. माल गेला तर जाऊ द्या. उद्याच ओढ्यापल्याड हलवतो."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कच्ची ईट कुणाच्या भिंतीला लावशील किसना? कुणाच्या तरी डोक्यात पडंल. जळू दे. आन् पल्याड काय धूर लागत न्हाय व्हय कुणाला?"

किसनराव ढसाढसा रडले. त्यांना तसं रडताना बघून माझाही बांध फुटला. अण्णांच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

वहिनींना घेऊन गेले, पोचवून सगळे परतले. दाराशी कडुलिंबाचं पान चावून माणसं पांगली. अण्णा एकटेच अंगणात उभे राहिले. सवयीने त्यांचा हात खांद्याकडे गेला. उपरण्याचं टोक त्यांनी मोकळं सोडलं. ते माळाच्या दिशेला उडालं. भट्टीचा सगळा धूर घराकडे पाठ करून माळावर चालला होता. आमच्या अंगणात त्याचा वासही नव्हता.

"आज न्हाय आला धूर इकडं, बाई," अण्णा म्हणाले. "आज आला आसता तरी चाललं आसतं."