राणी रंगाची रेघ

भाऊंच्या खाकी शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, नेलपॉलिशची बाटली असायची. राणी रंगाची. आठवडी बाजारात बांगड्यांच्या पालावर उभं राहून ते स्वतः रंग निवडायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि भाऊ गंभीरपणे म्हणायचे, "लवकर वाळनारी द्या, मावशी. मागली लय चिकट हुती." तळेगावजवळ नवलाख उंबरे गावात, एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांची गाडीदुरुस्तीची पत्र्याची शेड होती. तिथं कुठलाही बोल्ट आवळून झाला की भाऊ त्या बाटलीतला इवलासा ब्रश काढायचे आणि बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर एक आडवी रेघ ओढायचे. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटायची. "मी काय गाडीबरूबर येनार हाय का? ही रेघ जाती," म्हणायचे.

मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर सही करणं हे माझं काम. तुटलेल्या रेघेचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

मी आणि माझी मुलगी सानिका, आम्हा दोघांना ऑटोक्रॉसचं वेड. मोकळ्या मैदानात रबरी शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेका गाडीनं घड्याळ लावून पळायचं. आमची गाडी जुनी, लहान. वळणावर पुढून सरकायची, मागचा भाग साथ द्यायचा नाही. सगळ्यांनी सांगितलं, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा जाड स्टॅबिलायझर बार टाका. मी तो ऑनलाइन मागवला आणि खोकं घेऊन भाऊंच्या शेडवर गेलो. भाऊंनी ती वाकडी पोलादी सळई दोन्ही हातांत तोलली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "माल झ्याक हाय. पन हिला धरनार कोन?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुणी काहीही नवं, भारी आणलं की आधी हेच. मग ते गाडीखाली सरकले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकू लागले. उजवीकडून टणटणीत आवाज आला, डावीकडून भद्द. "ऐकलं का साहेब? गंज हाय. ह्यो तुकडा कापून नवा पत्रा बसवाय पायजे. आठ दिस द्या." मी म्हणालो, "रविवारी स्पर्धा आहे, भाऊ." ते बराच वेळ गाडीखालीच राहिले. त्यांचे पाय तेवढे दिसत होते, अंगठे हलत होते.

शेवटी तात्पुरता उपाय ठरला. दोन्ही बाजूंना जाड पट्टी वेल्ड करायची आणि बारचे क्लॅम्प त्यावर बसवायचे. क्लॅम्पमध्ये बारभोवती घालायला पिवळे, कडक प्लास्टिकचे बुश सोबत आले होते. ते भाऊंनी बाजूला ठेवले आणि साधे काळे रबरी घातले. मी विचारलं तर म्हणाले, "रबर जरा देतं. समदंच कडक केलं की पत्र्यानं कुटं जायाचं?" बारच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं होती. चाकाकडून येणारी लिंक शेवटच्या भोकात लावली तर बार नरम, आतल्या भोकात लावली तर कडक. भाऊंनी दोन्हीकडं शेवटचं भोक निवडलं, बोल्ट आवळले, रेघा ओढल्या. "हितनं हलवायचं न्हाई. पत्रा नवा टाकल्यावर मंग बघू."

सानिकाशी त्यांचं माझ्यापेक्षा जास्त जमायचं. गाडी कशी चालते हे ते मला विचारतच नसत. "ताई, गाडी काय म्हनती?" असं तिला विचारायचे आणि ती बोलत असताना डोळे मिटून ऐकायचे. बार म्हणजे काय हे तिला त्यांनीच समजावलं. आंदर मावळातलं त्यांचं गाव, भातखाचरांचं, म्हणून उदाहरणही तिथलंच. "जू असतं बग बैलांच्या मानंवर, तसं हाय ह्ये. एक बैल कलला की दुसरा धरतो. पन जू लय आवळलं आन् एकाचा पाय खड्ड्यात गेला, तर दुसऱ्याची मान मोडंल." सानिका म्हणाली, "मग आमचे बैल कुठले हो?" भाऊ म्हणाले, "तुजा बैल बरा हाय. तुज्या बापाचा खड्ड्यात हाय." तिघंही हसलो. त्यांचा आणखी एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जो चालवणार त्याला सांगायची. हा नियम सानिकानं वहीत लिहून घेतला होता. मी नव्हता घेतला.

रविवारची ती स्पर्धा पवनानगरच्या बाजूला एका खासगी मैदानावर होती. भाऊ वडाप जीपनं आले, सोबत भाकरीचं फडकं. पुण्याची मंडळी मोठमोठ्या गाड्या घेऊन आलेली. पहिल्या फेरीत मी तिसरा आलो, सानिका त्याच गाडीतून माझ्या मागोमाग चौथी. माझ्या पुढचे दोघे वयानं माझ्या निम्मे होते. भाऊ झाडाखाली भाकरी खात बसले होते, सानिका मैत्रिणींत होती. मला एका जागी उभं राहवेना. मी जॅक लावला आणि दोन्ही बाजूंच्या लिंक आतल्या, सगळ्यात कडक भोकात टाकल्या. काही मिनिटांचं काम. राणी रंगाच्या दोन्ही रेघा माझ्या पान्याखाली मोडल्या. मोडताना मला दिसल्या.

दुसऱ्या फेरीत मी पहिला आलो. गाडी नुसती भिरभिरत वळत होती. लोकांनी पाठ थोपटली. मग सानिकाची पाळी. ती आत बसली, हेल्मेट घातलं, काचेतून मला अंगठा दाखवला. तिला सांगायला मला चार पावलं टाकायची होती. टाकली नाहीत. सांगितलं असतं तर माझा पहिला नंबर कशामुळं आला, हेही सांगावं लागलं असतं.

चौथ्या शंकूच्या वळणावर डावीकडचा क्लॅम्प पत्र्यासकट फाटला. सुटलेला बार चाकाला अडकला, गाडी गरगरत टायरांच्या भिंतीवर गेली. सानिकाच्या हातात स्टिअरिंग उलटं फिरलं आणि उजवं मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

गाडी जॅकवर घेतली. घोळका जमला. भाऊ डाव्या बाजूनं खाली गेले, मी मागून वाकलो. फाटलेला पत्रा, तुटलेलं वेल्ड आणि आतल्या भोकातल्या त्या बोल्टच्या डोक्यावर अर्धी रेघ. तिची उरलेली अर्धी बारवर, शेवटच्या भोकापाशी. भाऊंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. वरून कुणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि मी, भाऊंच्या डोळ्यांत बघत, म्हणालो, "वेल्ड सुटलं."

भाऊंनी कमरेचं फडकं काढलं, ते थिनरमध्ये बुडवलेलं असायचंच, आणि दोन्ही अर्ध्या रेघा पुसून टाकल्या. सावकाश, बोटानं घासून. मग बाहेर आले. सानिका खुर्चीवर हात धरून बसली होती. तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, "माजं वेल्ड सुटलं, ताई. गंज हाय ठाऊक असून लावलं म्या." ती रडत म्हणाली, "मी डोळे झाकून बसले होते ना भाऊ तुमच्या भरवशावर." भाऊ वळले. जीपच्या थांब्याकडं चालत गेले. भाकरीचं फडकं झाडाखालीच राहिलं.

आठवडाभरात आमच्या ऑटोक्रॉसवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, नेलपॉलिशवाल्या मिस्त्रीकडं कुणी काम देऊ नका. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक माझा होता.

याला चार वर्षं झाली. सानिका नोकरीला पुण्याला गेली. शनिवार-रविवारी येते, पण त्या गाडीत पुन्हा बसली नाही. गाडी लोणावळ्याच्या आमच्या घरामागं ताडपत्रीखाली होती तशीच. कारखान्यात जाताना मी नवलाख उंबऱ्याचा रस्ता टाळू लागलो. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. जेवताना मधेच उठतो, बायको विचारते कुठं निघालात, आणि मला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या कामावर सही करताना हात थांबतो.

गेल्या महिन्यात गेलो एकदाचा. शेडमध्ये आता गाड्या नव्हत्या. भाऊ खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करत होते. तोंडासमोरची वेल्डिंगची काच वर करून त्यांनी मला पाहिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ताईला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला कशापायी सांगताय? मला तवाच दिसलंतं."

मी विचारलं, मग रेघ पुसलीत कशाला. त्यांनी जाळीवरचा कचरा हातोडीनं झाडला. "पोरगी तुमच्याकडं बगत हुती. मोडल्याला हात घिऊन. त्या टायमाला तिला बाप पायजे हुता का मिस्त्री?" मग म्हणाले, "पन ह्याला चार वर्सं लागतील आसं मनात नव्हतं, साहेब. वाटलं, चार दिसांत सांगाल तिला." मग काच खाली घेता घेता, "डाव्या अंगाची पुसली म्या. उजव्या अंगाची तशीच असंल. ती दावा तिला."

पुढच्या रविवारी सानिका आल्यावर मी ताडपत्री काढली, जॅक लावला आणि तिला म्हणालो, उजवीकडून खाली बघ. ती टॉर्च घेऊन आत सरकली. बोल्टवर अर्धी रेघ, शेवटच्या भोकापाशी अर्धी. धुळीखाली रंग अजून राणीच होता. तिला समजावावं लागलं नाही, वहीत लिहिलेलं होतं तिच्या. बराच वेळ ती खालीच राहिली. बाहेर आली तेव्हा केसांत माती होती.

"भाऊ अजून तिथंच असतात?"

"हो. चल, जाऊ आपण."

"तू नको येऊस," ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेऊन गेली.

मी अंगणात फेऱ्या मारल्या. आत गेलो, बाहेर आलो. ऊन कलल्यावर ती परतली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पत्रा कापून नवा टाकणार आहेत. गाडी टेम्पोत घालून पाठवायची. बार आधी उतरवून ठेवायचा."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही."

ती आत गेली. मी पाना घेऊन गाडीखाली सरकलो आणि बार उतरवला. तो कुठल्या भोकातून काढला, आधी कुठल्या भोकात होता आणि कुणी बदलला, हे कागदाच्या पट्टीवर लिहून बारला चिकटवलं. खाली सही केली.