थांबायची चिठ्ठी

आमच्या कामाला ‘अभ्यास’ हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण ज्यानं दिलं त्याला एकदा माझ्या खुर्चीत आणून बसवलं पाहिजे. सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्स आहे. बाळंतपणातल्या गुंतागुंतीवर तिथं जे संशोधन चालतं, त्यात काम करते. गरोदर बाईला आणि तिच्या माणसांना सगळं नीट समजावून सांगायचं आणि राजीखुशी असेल तरच सही घ्यायची, हे माझं काम. ‘आम्ही एक अभ्यास करतोय’ असं म्हटलं की सोबत आलेली म्हातारी आधी डॉक्टरांना खालीवर न्याहाळते आणि मग मला विचारते, म्हंजे ह्ये अजून शिकत्यात व्हय? आमच्या पोरीवर हात साफ करनार? की झालं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

सांगायचं असतं ते तसं साधं आहे. दिवस गेलेल्या बाईचं ब्लडप्रेशर वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, की बाळंत होणं हाच त्यावर खरा इलाज. प्रेशर फारच चढलं तर विचार करत बसायचं नाही, लगेच बाळ बाहेर काढायचं. पण ज्या मध्येच लटकलेल्या असतात त्यांचं काय करायचं? आठवा महिना चालू आहे, प्रेशर वाढलंय पण हाताबाहेर गेलेलं नाही. आत्ता बाळंत करावं तर बाळ कच्चं. थांबावं तर आईच्या जिवाला धोका, आणि आत बाळाचंही पोषण होत नाही. दोन्ही बाजूंनी मोठमोठे डॉक्टर भांडतात आणि दोघांचंही ऐकलं की पटतं. म्हणून हा अभ्यास. संगणक चिठ्ठी टाकतो. एखादीला निघतं ‘आत्ता’, एखादीला ‘थांबा’. थांबा म्हणजे वॉर्डात, नजरेसमोर. काही बिघडलं तर चिठ्ठी गेली उडत, बाईला आधी वाचवायचं.

हे मी इतक्या जणींना सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि मग एके दिवशी माझ्या खुर्चीसमोरच्या बाकावर माझी सख्खी धाकटी बहीण येऊन बसली.

आमचं माहेर उंब्रजजवळ. तिला दिली इस्लामपूरकडं, घरचा ऊस, दोन म्हशी, नवरा फौजेत. पहिल्या खेपेला सहाव्यातच पोट पडलं होतं. त्यानंतर तिला दिवस राहिले ते बऱ्याच उशिरानं, आणि तेव्हापासून ती काचेच्या भांड्यागत जपून चालायची. आठवा लागला तसे पाय सुजले, चेहरा सुजला. शेजारणी म्हणाल्या, मुलगा हाय, मुलात सूज येतीच. मी फोनवर एवढंच म्हणाले की मुकाट्यानं सांगलीला ये. आली. प्रेशर वाढलेलं, प्रोटीन जातंय. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ही आपल्या अभ्यासात बसते.

बहिणीनं मला विचारलं, आक्का, काय करू? मी खरं तेच सांगितलं. अभ्यासात नाही गेलीस तर मॅडम ठरवतील, आणि कुठलं बरं ते मॅडमनाही ठाऊक नाही. नात्यातल्या बाईची संमती मी घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून दुसरी नर्स आत गेली आणि मी दाराबाहेर उभी राहिले. माझीच वाक्यं तिच्या तोंडून ऐकत होते. बाहेरून ऐकताना पहिल्यांदा जाणवलं, त्यात ‘आम्हाला माहीत नाही’ हे किती वेळा येतं.

आत बहिणीबरोबर तिची सासू होती. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, तशी मीही त्यांना आत्याच म्हणते. काटक बाई, शब्दाला पक्की, सुनेवर जीव टाकणारी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणीही त्यांना खाष्ट समजेल, आणि त्या तशा अजिबात नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर आत्या म्हणाल्या, “कौल लावत्यात म्हना की.”

आणि ती नर्स हसून म्हणाली, तसंच समजा.

कौल म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. गुरव देवीच्या अंगाला दोन बाजूंना ओली फुलं लावतो. मनात प्रश्न धरायचा. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नको. लग्न, विहीर, ऑपरेशन, सगळं लोक तिला विचारतात. आणि एकदा कौल झाला की त्या गोष्टीला पुन्हा लावत नाहीत. म्हणून मला ते ‘तसंच समजा’ फार खटकलं. मी तडक आत गेले आणि सांगितलं, आवं आत्या, कौल न्हवं ह्यो, नुसती चिठ्ठी हाय, कवाबी मोडता येती. आत्यांनी ‘व्हय’ म्हणून मान हलवली. आमच्याकडं मोठी माणसं भांडण नको असलं की मान हलवतात.

चिठ्ठी निघाली ‘थांबा’.

आत्यांनी संगणकाला हात जोडले. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. वैद्यकीयदृष्ट्या त्याला काडीचा आधार नाही. पण आठव्यात काढायचं नाही हेच आत्यांच्या मनात होतं आणि देवीनंही तेच सांगितलं, मग आणखी काय पाहिजे? बहिणीच्या कपाळावरची आठी गेली. त्या दुपारी ती गाढ झोपली. पोट पडल्यापासून तिला अशी झोपलेली मी पाहिली नव्हती, आणि मला वाटलं, समजू दे काय समजायचं ते, झोप तरी लागली.

मी माधवनगरला खोली घेऊन राहते. तिथून रोज डबा आणायचे, अळणी भाजी, भाकरी, ताक. वॉर्डात आत्यांनी सगळ्यांशी सूत जमवलं. हळूहळू बायकाच एकमेकींना विचारायला लागल्या, तुमाला उजवा आला का डावा? थांबा म्हणजे उजवा आणि आत्ता म्हणजे डावा असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. ज्यांना ‘आत्ता’ निघालं त्या रडायच्या. मी समजावून समजावून थकले. मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि एके दिवशी दुपारी डबा घेऊन गेले तर बहिणीच्या खाटेजवळचा पडदा ओढलेला. उजेड सोसत नाही म्हणाली. चेहरा असा सुजलेला की डोळे मिटल्यासारखे दिसत होते. सकाळी उलटी झालेली, आत्यांनी कोकम सरबत पाजलेलं. डोकं दुखतंय का म्हणून विचारलं.

“न्हाई गं. पित्त हाय.”

आमच्याकडं सगळं पित्त असतं. डोकं ठणकतंय, पित्त. काळजाखाली दुखतंय, पित्त. डोळ्यापुढं काजवे, पित्तच. सकाळच्या नर्सनं डोकं दुखतंय का म्हणून विचारलं होतं, तेव्हाही ती नाही म्हणाली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते डोकं दुखणं नव्हतंच. मी पट्टा बांधून प्रेशर घेतलं. आकडा भलताच चढलेला. पुन्हा घेतलं, तोच.

मॅडम धावत आल्या. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू केलं, ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. आता थांबायचं नाही, म्हणाल्या. सहीचा कागद पुढं आला आणि आत्या खाटेच्या आणि कागदाच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“कौल झालाय. मोडायचा न्हाई.”

मॅडमनी समजावलं, मी समजावलं. तुमच्या सुनेला झटका येईल, मेंदूत रक्तस्राव होईल, ती जाईल, इतकं उघड सांगितलं. आत्या जागच्या हलत नव्हत्या. त्यांना सून मारायची नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की मोडला तर दोघंही जातील. नवऱ्याला फोन लावला तर रेंज नाही. पुन्हा लावला, लागला, आणि तो तिकडून काय म्हणतो, तर आई म्हनंल तसं करा. सीमेवर उभा राहतो गडी, आणि आईपुढं पार गोगलगाय. फोन फेकून मारावासा वाटला मला.

पण सही तर बहिणीचीच चालणार होती. तीच नको म्हणाली तर कुणी काही करू शकत नव्हतं. मी तिच्या उशाशी बसले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, आक्का, नववा लागंस्तवर थांबूया की गं, देवीनं सांगितलंय. तिची जीभ जड झाली होती. कितीतरी जणींच्या उशाशी मी असं बसलेय, पण कुणाचं नख न् नख मला ओळखीचं नव्हतं. आणि मग माझं डोकं फिरलं.

“अगं, देवी न्हाई ती. मशीन हाय. तिला तू कोन, तुजं पयलं गेलं, कायच ठावं न्हाई. नाणं उडवल्यागत हाय सगळं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्याच्या त्या फटीतून किती दिसत होतं देव जाणे.

“मग येवढं दिस मी कुनाच्या भरवशावर झोपले गं?”

तिनं पेनासाठी हात पुढं केला. आत्या बाजूला झाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मुलगी झाली. मांजराच्या पिलागत रडली, पण रडली. मी देवाचे, मशीनचे, सगळ्यांचे आभार मानले. तेवढ्यात बहिणीचं रक्त थांबेना. गर्भाशय आवळून येत नव्हतं. मॅडमचे हात कोपरापर्यंत लाल झालेले, कुणी रक्ताच्या पिशव्या आणायला पळतंय, कुणी पोट दाबून धरतंय. मला बाहेर काढलं. बाहेर आत्या होत्या. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. ती वाचली. मॅडम बाहेर येऊन तेवढं म्हणाल्या आणि मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

मुलगी काचेच्या पेटीत होती. आत वाढ खुंटलेली, फुप्फुसं कच्ची. नळीनं श्वास, नळीनं दूध. बहिणीला चाकाच्या खुर्चीतून न्यायचो. ती पेटीच्या भोकातून बोट आत घालायची आणि तो एवढासा हात तिचं बोट धरायचा. काही दिवस पोरीनं काढले. नंतर जंतुसंसर्ग झाला आणि एका सकाळी ती गेली. नाव ठेवायचं राहिलंच होतं.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. अभ्यासात बहिणीची नोंद ‘थांबा’ याच गटात राहील, म्हणाल्या. मधेच मोडलं तरी ज्या बाजूला चिठ्ठी निघाली त्याच बाजूला मोजतात, नाहीतर उत्तर खोटं येतं. मला ते ठाऊक होतं. मीच नव्या नर्सना शिकवते. त्या दिवशी मात्र मला वाटलं, म्हणजे आमच्या इथंही कौल मोडत नाहीच. मी घळाघळा रडले. त्याही रडल्या.

आत्यांनी आकांत केला नाही. मला व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाल्या, कौल मोडला म्हनून गेली. तुला बोल लावत न्हाई पोरी, तू भनीसाठी केलंस. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार परत दिल्या असत्या.

घरी सोडायच्या दिवशीही बहिणीला दूध येतच होतं. मी तिची छाती कापडानं आवळून बांधत होते. ती आढ्याकडं बघत होती.

“आत्या म्हनत्यात, कौल मोडला म्हनून गेली. तू काय म्हनतीस?”

मी काय म्हणणार? आधीच काढली असती तर पोरगी आणखी कच्ची असती. आणखी थांबलो असतो तर तीही गेली असती आणि हीही. की आधी काढली असती तर जगली असती? कदाचित. मी धडधडीत खोटं बोलू शकले असते, कुठल्याही बाजूचं. तिनं विश्वास ठेवला असता.

“मला म्हाईत न्हाई.”

“मॅडमस्नी?”

“त्यास्नीबी न्हाई. कुनालाच न्हाई. म्हनून तर...”

पुढचं वाक्य मी रोज म्हणते. ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. तिनं माझा हात बाजूला केला आणि कापडाची गाठ आपली आपण मारली.

“आत्यास्नी तरी ठावं हाय,” ती म्हणाली.

बाळंतीण माहेरी जाते. आईनं उंब्रजला खोली सारवून ठेवली होती, मी दाराशी गाडी आणून उभी केली होती. बहीण बाहेर आली, गाडीकडं एकदा बघितलं, आणि आत्यांच्या खांद्यावर हात टाकून इस्लामपूरच्या एसटीकडं चालायला लागली.