काडी आणि कापलेलं वाक्य

काडी कोणाच्याही घरी काही खायचा नाही. मोहने गावात तो आणि मी एकाच चाळीत वाढलो. लहानपणी अंगावर मांस नव्हतं म्हणून तो काडी. पुढे कबड्डीच्या लीगमध्ये खेळायला लागला, दारात मावेनासा झाला, तरी आम्हाला काडीच. लग्न असो की बारसं, स्वतःचा डबा आणि स्टीलची बाटली घेऊन यायचा. "दादा, आमची तपासणी कधीही होते," म्हणायचा. "पोटात काय गेलं याचा जबाब मलाच द्यावा लागतो."

घोडबंदर रोडला मी टाइल्सचं दुकान टाकलं, तेव्हा तो सत्यनारायणाला आला. माझ्या बायकोनं प्रसादाचा द्रोण पुढे केला. हा विचारतो, "वहिनी, ह्यात काय काय घातलंय?"

"रवा, तूप, साखर, केळं. विष घालायचं राहिलं बघा."

काडी लाजला. सगळा शिरा खाल्ला, मग बाहेर जाऊन संघाच्या डॉक्टरला फोन केला आणि वेलची चालते का, ते विचारलं. त्यावरून मी कितीतरी दिवस त्याची टर उडवली.

घासाघीस मात्र त्याला कधी जमली नाही. मी हातगाडीवर उरलेल्या लाद्या विकत वर आलेला माणूस. लीगवाल्यांनी पहिल्या बैठकीत जो आकडा सांगितला, त्यावर ह्यानं सही केली हे कळलं तेव्हा मी खवळलो. "अरे गाढवा, पहिला भाव हा नाही म्हणण्यासाठीच असतो!" तो म्हणाला, "दादा, त्यांनी बोलावलं हेच मला पुष्कळ झालं." त्याच पैशातून त्यानं बाळकुमला वन रूम किचन घेतलं आणि आईला मोहन्याहून तिथे आणलं.

त्याच घराच्या दारात चॅनेलवाले आले. काडीच्या नमुन्यात उत्तेजक सापडलं, हे त्याला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. तो सरावाला गेलेला. दार काकीनं, म्हणजे त्याच्या आईनं उघडलं, तर तोंडासमोर माइक. "तुमचा मुलगा औषधं घेतो का?" भाबडी बाई. म्हणाली, "औषध घेतो तो, गुडघ्याला लावायचं, तेसुद्धा डॉक्टरला विचारून."

टीव्हीवर तिचे पहिले तीनच शब्द राहिले. "औषध घेतो तो." खाली लाल पट्टी: आईचीच कबुली. बाजूला इंजेक्शनची सुई आणि कुठल्या तरी भलत्याच छाप्यातली पांढरी पूड. दिवसभर हेच. दुसरा नमुना अजून तपासायचा आहे, सुनावणी व्हायची आहे, याबद्दल चकार शब्द नाही. चर्चेला बसलेल्या चौघांनी जन्मात कधी मांडीला माती लावली नसेल, पण निकाल देऊन मोकळे. आमच्या चाळीतलेही म्हणाले, "तरीच! काडीचा खांब उगाच होतो का?"

काकी ती क्लिप पुन्हा पुन्हा बघायची. एकदा मला म्हणाली, "बाळा, मी पुढचं बोलले होते ना रे? की नव्हते बोलले?" स्वतःच्याच बोलण्याची तिला खात्री उरली नव्हती.

पुढे सुनावणीत निघालं की संघानंच दिलेल्या पावडरच्या डब्यात भेसळ होती. खेळाडूचा दोष नाही, बंदी नाही, असा निकाल लागला. तोवर संघानं त्याच्या जागी दुसरा घेतला होता.

निकालाचा कागद घेऊन मी चॅनेलच्या ऑफिसात गेलो. संपादक तरुण, नम्र. चहा पाजला. "सर, पकडला ही बातमी होती. सुटला, यात बातमी काय?"

"दिवसभर दाखवलंत. पाच मिनिटं द्या."

"नाही जमणार सर."

"दोन द्या. बरं, तेही राहू द्या. म्हातारीचं अख्खं वाक्य तेवढं दाखवा."

"ते पुसलं सर. कापलेलं असतं तेवढंच आम्ही ठेवतो."

मी टेबलावर हात आपटला. वॉचमन आत आला. शेवटी पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीत एक ओळ द्यायचं त्यांनी कबूल केलं.

दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. सोन्याचा भाव गेला, मग ती ओळ, मग उद्याचं तापमान. काकी चष्मा पुसत होती. "आली का रे?"

"गेली, आई," काडी म्हणाला.

बाळकुमची खोली विकून ती दोघं महाडजवळ काकीच्या माहेरी निघाली, तेव्हा टेम्पोत सामान चढवायला मी गेलो होतो. राहवलं नाही. "कोर्टात खेचू सगळ्यांना!" सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा मी ओरडत होतो. "वकील माझा, खर्च माझा!"

काडी जवळ आला. हळूच म्हणाला, "नको दादा. केस टाकली की परत बातमी होणार. बातमी आली की आईची तीच क्लिप परत लावतील."

काकी टेम्पोत पुढे बसली होती. तिनं मान बाहेर काढली. "काय म्हणतोय रे तो?"

"काही नाही, काकी," मी म्हणालो. "सावकाश जा."