सूपभर कोंडा देऊन घेतलेली

आई जाऊन दोन महिने झाले आणि मी वालूरला जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "एक मामेभाऊ सोडला तर आता कोण आहे तुझं तिथं?" खरंच होतं. पण आईचं नाव कोंडाबाई का ठेवलं, ते मला विचारायचं होतं. धान्य पाखडल्यावर उरतो तो कोंडा. पोटच्या पोरीला असं नाव कुणी देतं का हो?

आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी नको होते. पाच दिवसांची होते, तेव्हा आईनं भर गल्लीत सांगितलं, घेऊन जा हिला, माझ्या काही कामाची नाही." गल्लीतल्या बायका म्हणे हे तिला हसत हसत सांगायच्या. ती कधी हसली नाही.

नाशिकरोडहून सेलूला थेट रेल्वे आहे, आरक्षण मात्र आधीच करा. सेलूच्या स्टेशनबाहेर भजी आणि चहा झकास. पुढे वालूरला काळी-पिवळी जीप जाते, पण गच्च भरल्याशिवाय हलेल तर शपथ! "सरका की मावशी, लय जागा हाय," ड्रायव्हर म्हणाला. कुठं होती ती जागा, देव जाणे. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. एरवी मी दहा फोटो काढले असते.

वालूरची गोल पायऱ्यांची बारव बघायला लांबून लोक येतात. मामेभाऊ सुरेशनं तीही दाखवली. उन्हं चढायच्या आत जा, आणि तळ गुळगुळीत झालेल्या चपला घालू नका, मी घसरता घसरता वाचले. वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवताना मी नावाचं विचारलं, तर सुरेश म्हणाला, "आत्याला गयामायनं इकत घेतलं होतं म्हणत्यात. हाय ती अजून, उद्या जाऊ."

विकत? मी हातातला घास ताटात ठेवला.

गयामाय नव्वदीला टेकलेली, ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सुरेशनं माझी ओळख सांगितली. तिनं माझा हात धरला आणि पहिलंच विचारलं, "कोंडी बरी हाय का?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ती माझा हात चोळत राहिली. मग बोलायला लागली.

"तुझ्या आजीची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. माझी दोन्ही पोरं जगलेली. म्हणून जाणत्या बायांनी मला धाडलं. सूपभर कोंडा घेऊन दारात हुबी राह्यले अन् मोठ्यानं इचारलं, लेकरू इकायचं हाय का? मरणाला ऐकू जायला पायजे ना बाई! तुझी आजी म्हणली, घेऊन जा, माझ्या काय कामाची न्हाई. आसं म्हणावंच लागतंय. म्हणली अन् आत जाऊन भुईवर पडून रडली."

"पण मग आईला जवळ का नाही घेतलं कधी?"

"कसं घेणार? राह्यली तिच्याच घरी, पण लेकरू माझं झालं होतं. लाड केला तर मरणाला कळंल, ही हिचीच हाय म्हणून. पोर झोपली की तुझी आजी तिच्या तळपायावरून हात फिरवायची, मी बघितलंय."

लेकराच्या लग्नाआधी लुगडं-नारळ देऊन ते माघारी घ्यायची रीत आहे, असं गयामायनं सांगितलं. आजी लुगडं घेऊन गयामायच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. म्हणाली, "तुझी म्हणून जगली, तुझीच राहू दे."

"आईला हे कुणी सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सांगायचं नसतंय माय. सांगितलं की मोडतंय."

आम्ही निघालो तेव्हा गयामायनं सुरेशला पाणी तापवायला सांगितलं. म्हणाली, "आई मी लागते तिची. अंघोळ तरी करू दे तिच्या नावानं."

आता घरी येऊन आठवडा झाला. कुणी विचारलं तर वालूरला जरूर जा म्हणते, एक मुक्काम पुरे होतो. पण एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही, ती इथं लिहिते. आजी शेवटच्या आजारात होती तेव्हा वालूरहून तीनदा निरोप आला होता, कोंडीला एकदा पाठवा म्हणून. तिसऱ्या निरोपाला आईनं पिशवी भरली, चपला घातल्या आणि मला विचारलं, "जाऊ का गं?"

मी म्हणाले, "तुला टाकलं तिनं. नको जाऊस."

आईनं चपला काढल्या.