कांदेतज्ज्ञ

हिंगोलीत मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना संविधान शिकवते. मला एकदा तरी टीव्हीवर बोलवावं, असं बाबांना फार वाटायचं. बातम्यांत एखादे कायद्याचे प्राध्यापक दिसले, की निवृत्त शिक्षक असलेले आमचे बाबा पडद्याला सुनवायचे, "ह्याच्यापेक्षा आमची पोरगी बरी बोलती. आवाज बी मोठा हाय तिचा."

सुट्टीला जवळा बाजारला घरी गेले होते, तेव्हा खरंच एका वृत्तवाहिनीचा फोन आला. त्यांच्या नेहमीच्या प्राध्यापकांचा घसा बसला होता. पक्षांतरबंदी कायद्यावर बोलाल का, आणि आत्ता लगेच?

नेटवर्क फक्त गच्चीवर यायचं. मी पाण्याच्या टाकीला मोबाईल टेकवून उभी राहिले. आईनं कोंबड्या हुसकल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तो कुणाला दिसणार नव्हता तरी.

चर्चा सुरू झाली. चार प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते. बऱ्याच वेळानं निवेदक म्हणाला, "मॅडम, एका वाक्यात सांगा."

"संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार..." एवढं मी बोलले.

"तुमचा मुद्दा आला," असं म्हणून तो जाहिरातींकडे गेला.

मी हिरमुसून खाली आले, तर फोनवर अभिनंदनाचा पाऊस. त्यात भावाचा मेसेज होता, 'ताई, विषय कधी बदललास?' सोबत फोटो. टीव्हीवर माझ्या चेहऱ्याखालच्या पट्टीत 'कायदेतज्ज्ञ'ऐवजी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कांदेतज्ज्ञ, हिंगोली'.

"बाबा, हा फोटो कुणाला पाठवू नका!"

"समद्यांना पाठवला," बाबा चष्मा शोधत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्या मावशींनी मला थांबवलं. "मॅडम, कांदा आत्ता विकू का ठेवू?"

"मावशी, ती टीव्हीवाल्यांची चूक आहे. मी कायदा शिकवते."

शेजारी बसलेले एक आजोबा हसले. "टीव्हीवर लिहून आलं ते खोटं काहून असंल? सांगायचं न्हाई म्हणा की."

मावशींचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. वर्गात अवघड प्रश्न आला की मी जे करते, तेच केलं. "दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतील. अर्धा विका, अर्धा ठेवा."

"बराबर!" आजोबा म्हणाले. संध्याकाळपर्यंत हा सल्ला गावभर झाला. तो कधीच पूर्ण चुकणार नव्हता, त्यामुळे माझं नाव वाढतच गेलं.

पुढच्या महिन्यात डोंगरकड्याहून बोलावणं आलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या गटानं कांदा साठवायची नवी चाळ बांधली होती आणि उद्घाटनाला त्यांना मीच हवी होते. फोनवर मी त्यांना खरं काय ते तीनदा सांगितलं. "मॅडम किती साध्या हायेत," असं पलीकडून कुणीतरी म्हणालेलं मला ऐकू आलं. बाबांनी तर परस्पर होकारच कळवून टाकला होता.

मंचावर माझ्या शेजारी कृषी खात्याचे एक साहेब होते. सगळा भार त्यांच्यावर टाकायचा आणि आपल्याला येतं तेवढंच बोलायचं, असं मी ठरवून गेले होते. मी संविधानाच्या उद्देशिकेवर बोलले. लोकांनी मन लावून ऐकलं. समता, बंधुता आली तेव्हा टाळ्याही पडल्या. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात मागून एक शेतकरी उठला. "मॅडम, समदं पटलं. पण चाळीत कांदा मधूनच सडतो, ते काहून?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नम्रपणे माईक माझ्याकडे सरकवला. "तज्ज्ञ असताना आपण काय बोलणार?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून, वर्गातल्या वर्षानुवर्षांच्या सवयीनं, पूर्ण गांभीर्यानं वाक्य बाहेर पडलं. "हा विषय सध्या न्यायप्रविष्ट आहे. त्यावर भाष्य करणं उचित होणार नाही."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. प्रश्न विचारणारा हात जोडून खाली बसला.

परतीच्या वाटेवर गाडीत भेट मिळालेल्या कांद्यांचा असा दर्प सुटला होता, की सोबत आलेले बाबा आणि मी काचा खाली करून बसलो होतो. शेवटी बाबा हळूच म्हणाले, "कोणत्या कोर्टात चालू हाय गं?"