महिपत ड्रायव्हर आणि उभी गाडी

कापड्याच्या वरच्या वाडीत महिपतला नुसतं महिपत कोणी म्हणत नाही. महिपत ड्रायव्हर म्हणतात. एस.टी.तून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नावापुढचा ड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. आंबेनळीच्या घाटात अर्धा जन्म गेला माणसाचा. धुक्यात समोरचं काही दिसेनासं झालं की म्हणे तो वासावरून वळण ओळखायचा. खरंखोटं देव जाणे. पण त्याच्या गाडीत बाईमाणसाला उलटी होत नसे, एवढं मात्र घाटातल्या सगळ्या बायका सांगतील, आणि या बाबतीत बायका उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत.

बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. थोरला भाऊ वारला तेव्हा त्याचा मंगेश शाळेत होता. तेव्हापासून महिपत जेवला तो वहिनीच्या, चंद्राबाईच्या चुलीवर, आणि पगारही ठेवला तो तिच्याच हातावर. मंगेशला सायकल त्याने शिकवली, मोटारही त्यानेच शिकवली. क्लच कसा सोडायचा? निजलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो तसा. असं शिकवलं त्याने.

तोच मंगेश डोंबिवलीला नोकरीला लागला, लग्न झालं, हप्त्यावर गाडी घेतली. गाडी घेतली आणि मग कळलं की इमारतीत ती उभी करायला जागाच नाही. मुंबईकडच्या लोकांचं हे असं असतं, आधी म्हैस घ्यायची आणि मग खुंटा शोधायचा. शेवटी गाडी आली गावाला, जुन्या गोठ्याच्या पत्र्याखाली.

"राहू दे काका इथंच," मंगेश म्हणाला. "आईला दवाखान्यात न्यायला बरी. आणि तू आहेसच."

तू आहेसच, हे दोन शब्द महिपतने किती दिवस चघळले असतील! दर रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो गाडी काढायचा. फाट्यापर्यंत जायची, परत यायची. "उभा बैल नि उभी गाडी, दोघांचं बी सांधं धरतात," असं त्याचं म्हणणं. वाटेत कोणी भेटलं तर बसवून घ्यायचा. कुणाची बाळंतीण पोलादपुराहून यायची असे, कुणाचा म्हातारा गुडघे धरून फाट्यावर बसलेला असे. पैसे कोणी पुढे केले तर महिपत असा बघायचा की देणाऱ्याचा हात आपोआप मागे जायचा.

पण वाडीची एक रीत आहे. दुसऱ्याच्या गाडीतून फुकट उतरायचं नाही. पैसे घेत नाही ना, मग नारळ ठेव. नारळ नसेल तर पसाभर नाचणी, नाहीतर परसातली काकडी. तेही महिपत हातात घेत नसे, म्हणून लोक गुपचूप डिकीत ठेवून जायचे.

गणपतीला मंगेश आला आणि त्याने डिकी उघडली. आत नारळांचा ढीग.

"काय काका, दुकान टाकलंस काय?" तो हसला.

महिपतही हसला. त्याच नारळांचे मोदक झाले आणि मंगेशने ते बोटं चाटून खाल्ले.

जायच्या आदल्या दिवशी मंगेश गाडी सर्व्हिसिंगला म्हणून घेऊन गेला, संध्याकाळी परत आला. किल्ली काकाच्या हातात देत म्हणाला, "नवी बॅटरी टाकलीय. आता दर रविवारी त्रास घेऊ नकोस. चालू पण करू नको, नव्या बॅटरीला उभं राहिलेलंच चांगलं."

असं काही महिपतने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण पोरगा मुंबईला राहतो, नवीन नवीन ऐकतो. आपल्या गुडघ्यांची काळजी करतो, असंही त्याच्या मनात आलं. त्याने ऐकलं. रविवारी आंघोळ करून तो गाडी पुसायचा तेवढा, आणि आत येऊन बसायचा.

भातकापणी झाली, दिवाळी झाली. चंद्राबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. एक डोळा तिचा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. भाकरी थापायची ती हाताच्या अंदाजाने. महाडला डोळ्यांचा मोठा डॉक्टर बाहेरून यायचा, ठरलेल्या दिवशीच, आणि मागची तारीख कापणीत हुकली होती. परत नेताना बंद गाडीतून न्या, डोळ्यात धूळ जाता कामा नये, असं दवाखान्यात बजावलं होतं.

"मंग आपली गाडी काय पेंढा घालाया ठेवलीय?" महिपत म्हणाला.

त्या दिवशी उजाडताच त्याने गाडीवरचं आवरण ओढलं, चाकापुढे नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र. इंजिन काही पेटेना. पुन्हा फिरवली. तेच. दमा झालेल्या माणसासारखी गाडी खोकत राहिली, पण बोलायचं नाव नाही.

चंद्राबाई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. "ऱ्हाऊ द्या ना भावजी. फाट्यावरच्या राजेंद्रची गाडी बोलवा भाड्यानं."

"घरात गाडी असताना? लोक हसतील."

बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार थाटला होता: पेंढ्याच्या काड्या, भाताची टरफलं, कुणाच्या तरी गोधडीची चिंधी. महिपत खूश झाला. "बघा वैनी, चोर सापडला! उंदीर हाय तुमच्या गाडीत." सगळं साफ केलं, डबा झटकला, वायरी हाताने चाचपल्या. एकही कुरतडलेली नव्हती. किल्ली फिरवली. घर्र घर्र.

मग त्याने मंगेशला फोन लावला.

"बॅटरी उतरली असेल काका," मंगेश म्हणाला. "उभी राहून उतरते."

"नाय रे. सेल्फ असा मारतोय, जसा काय बैल उधळलाय. बॅटरी चांगली हाय."

"मग असेल काहीतरी. तू खोलाखोल नको करू. भाड्याची गाडी कर, मी पैसे पाठवतो."

"अरे, तुझ्या आयचा डोळा हाय."

"म्हणून तर सांगतो, उगाच वेळ घालवू नको."

महिपतने फोन खिशात ठेवला. पोराला गाडीतलं काही कळत नाही, एवढंच त्याला वाटलं. त्याने पोलादपूरच्या दीपकला बोलावलं. दीपकचं गॅरेज आहे, आणि त्याचा बाप डेपोत महिपतबरोबर होता, म्हणून बिचारा हातातलं काम टाकून मोटरसायकलवर आला.

"भावजी, उशीर होतोय," चंद्राबाई ओट्यावरून म्हणाली. "मी बोलतेय ना, ऱ्हाऊ द्या."

"तुमी गप बसा गो वैनी. तुमाला तुमच्याच गाडीतनं नेतो."

दीपकने टाकीचं झाकण काढून हुंगलं. पेट्रोल होतं, विटकं पण नव्हतं. मग म्हणाला, "काका, तुम्ही किल्ली अर्धीच फिरवा. सेल्फ मारू नका. आणि कान मागच्या सीटकडे द्या."

महिपतने अर्धी किल्ली फिरवली. दोघेही गप्प. कोंबडी ओरडली, तिलाही दीपकने हुसकलं.

"काय ऐकू आलं?"

"कायच नाय."

"तेच तर. किल्ली फिरवली की मागं पंप एकदा हुंकार देतो, पेट्रोल पुढं ढकलतो. हा गप हाय. पेट्रोलच येत नाय, तर पेटणार काय?"

फ्यूज बघितला, चांगला. मागची सीट उचलून पंपाच्या वायरीला दिवा लावून बघितला, करंटच नाही. फ्यूज धड, म्हणजे मधे कुठेतरी वायर तुटलेली. दीपक वायरीमागे वायर धरत पुढे येत गेला, जशी आई पोराच्या केसात ऊ शोधते. ड्रायव्हरच्या सीटखाली, चटईच्या आत, त्याचा हात थांबला.

"हे बघा. कापलेली हाय आणि नवी टेप मारलीय."

टेपमधून एक नवीकोरी वायर निघाली होती आणि सीटच्या पट्टीला आतून चिकटवलेल्या एका इवल्याशा बटणाला जात होती. दीपकने बटण दाबलं. मागे पंपाने हूं केलं. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच हाकेला सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

दीपक हसायला लागला. "बसवून घेतलेलं बटण हाय काका. हे बंद ठेवलं की किल्ली हातात असली तरी गाडी हलत नाय. शहरात चोरासाठी लावतात. पन हितं वाडीत चोर कोण येणार?"

महिपतने बोटाने ती नवी टेप चाचपली.

"मालकाला म्हायीत असतं कुठं ते. तुमाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं," महिपत म्हणाला. "म्हातारपण. इसरलो."

दीपकने हात पुसले, चहा घेतला आणि निघून गेला. महिपत सीटवर बसून राहिला. किल्ली कुणाच्या हातात असते वाडीत? एकाच माणसाच्या. मग ते बटण कुणासाठी लावलं, हे समजायला काही मुंबईला जावं लागत नाही. त्याने वाकून बटण परत बंद केलं. इंजिन एकदा उचकी देऊन थांबलं. चटई सारखी केली, काच वर केली आणि गाडीवर आवरण ओढायला लागला.

"बंद का केलीत?" चंद्राबाई उठून उभी राहिली. "चालू झाली ना?"

"चालू झाली. राजेंद्रला फोन करतो."

"भावजी, आता उगाच..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मी त्याला नको बोलली व्हती."

महिपतच्या हातातलं आवरण तसंच राहिलं. "म्हंजी तुमाला म्हायीत व्हतं?"

ती पुन्हा ओट्यावर टेकली.

"सकाळधरनं मी हितं मरतोय, उंदराचं घर साफ करतोय, नि तुमी वट्यावर बसून बघताय?"

"बघतेय कुठं? दिसतंय काय मला?" ती म्हणाली, आणि मग रडवेली झाली. "त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं, तुझा काका भाडी मारतो. ते नारळ बघितलंन त्यानं. मी बोलली, ती लोकांची रीत हाय रे, भावजी तसं नाय. तो बोलला, आई, तुला काय कळतंय, हप्ता मी भरतो."

"मंग तुमी काय बोललात?"

चंद्राबाईने पदर डोळ्याला लावला. "मी बोलली, लावायचं तर लाव बाबा. पन भावजींना कळू देऊ नको, त्यांच्या जिवाला लागंल."

असं आहे. माणसाच्या जिवाला लागू नये म्हणून सगळ्या घराने मिळून त्याला महिनोन् महिने फसवलं, आणि वर मायेने गरम भाकरीही वाढली.

"वैनी," महिपत म्हणाला, "मला त्यानं तोंडावर सांगितलं असतं ना, काका, रविवारी गाडी काढू नको, तर मी किल्ली खुंटीला लावली असती. एवढंच व्हतं. आता ज्यानं बटण लपवलं, त्यानं गाडी माझ्या हातात दिलेलीच नाय. मी ती चालवणार नाय."

राजेंद्र गाडी घेऊन आला. दुसऱ्याच्या गाडीतून जायचं झालं की दर वेळी महिपत वहिनीला आत बसवून तिच्या शेजारी बसायचा, खिडकी लावून द्यायचा, वळण आलं की सांगायचा. या वेळी तो राजेंद्रच्या शेजारी पुढे बसला. पोलादपूर मागे पडलं. राजेंद्रने दोनदा कापणीचं विचारलं, दोनदा उत्तर आलं, "झाली."

महाडला दवाखान्याच्या पायऱ्या आल्या. चंद्राबाईने अंदाजाने हात पुढे केला. महिपतने क्षणभर तो तसाच लोंबता ठेवला, आणि मग आपलं कोपर दिलं. हात नाही, कोपर. ते धरून ती वर चढली.

खिडकीवरच्या पोरीने नाव विचारलं, गाव विचारलं. "सोबत कोण आहे आजींच्या?"

"मी."

"तुम्ही कोण त्यांचे?"

महिपत खिडकीच्या गजाकडे बघत राहिला. चंद्राबाईने त्याचं कोपर घट्ट धरलं होतं. तिला दिसत नव्हतं, पण कान तिचे शाबूत होते.

"शेजारी," तो म्हणाला.

कोपरावरची पकड सैल झाली.

"शेजारी चालणार नाही आजोबा," पोरगी मान वर न करता म्हणाली. "ऑपरेशन आहे. घरचं माणूस पाहिजे सहीला. घरचं कोणी आलंय का?"

मागे रांग होती. कोणीतरी खोकलं. आतून नर्सने डोळ्याच्या बायकांना हाक मारायला सुरुवात केली.

"घरचं कोन येतंय मुंबईवरनं एवढ्यात," महिपत म्हणाला. जरा थांबला. मग त्याने पेन हातात घेतलं आणि गजातून कागद पुढे ओढला.

"लिवा मंग. दीर."