काळ्या चिखलातला डाव

आम्ही लांजा सोडलं तेव्हा तिकडे भाताची लावणी चालू होती आणि पाऊस क्षणभर थांबायला तयार नव्हता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेम्पोतल्या गाद्यांवर ताडपत्री बांधली आणि दोर पुन्हा पुन्हा ओढून बघितला. मी पडवीत उभी राहून उघडीप व्हायची वाट बघत होते.

"कसली वाट बघतेस गो?" दादा म्हणाले. "मिठाची हायस काय, विरघळायला?"

माझी मुलगी मनवा पन्हळीखाली डोकं धरून उभी होती. शेवटचं भिजून घेत होती. तिला तशीच निथळती उचलून गाडीत बसवली. घाट चढेपर्यंत तिच्या फ्रॉकचं पाणी माझ्या मांडीवर झिरपत राहिलं. घाट संपला तसा पाऊसही मागे राहिला. सोलापूर ओलांडल्यावर मी वाऱ्यासाठी काच खाली केली, तर आत धूळ आली.

माझा नवरा संतोष सोलापूरच्याही पुढे, सास्तूरजवळच्या एका खेड्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक म्हणून तो कोकणात आला आणि तिथंच आमचं लग्न झालं. गावाकडे बदली मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत होता. मिळाली त्या दिवशी तो घरभर नाचला. मीही हसले. नंतर विहिरीवर जाऊन एकटीच बसले.

त्याची एक गोष्ट मला कधी कळली नव्हती. कोकणात एवढे पावसाळे काढून हा माणूस एकदाही भिजला नाही. शाळेतली पोरं मैदानात लोळायची आणि हा रेनकोट चढवून व्हरांड्यात उभा असायचा. मी चेष्टा केली की नुसता हसायचा.

सासरचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा, घरापुढं ऐसपैस मोकळी जागा. इकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी मला पहिल्या दिवसापासून जीव लावला. मला भात लागतो म्हणून ज्वारीच्या घरात रोज संध्याकाळी कुकर लावू लागल्या. माझी भाकरी थापताना फाटायची, तर म्हणायच्या, "फाटू दे की. पोटात जाऊन काय शाबूत राहतीय व्हय?" मी इथलं बोलणं शिकले. तवंग नव्हे तर्री, पिशवी नव्हे थैली. मनवाला मात्र वेळ लागला. ती वर्गात "काय गो" म्हणाली की मुली खुदखुदायच्या. मग तिनं बोलणंच कमी केलं. शाळेतून आली की दारात बसून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायची.

आणि पाऊस? आला तर पाहुण्यासारखा यायचा. पण ढग दाटले रे दाटले की आत्या धावत अंगणात यायच्या, मनवाला आणि दिराच्या दोन्ही पोरांना दंडाला धरून आत न्यायच्या आणि कडी घालायच्या. एवढी मायाळू बाई, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. मनवा खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तळव्यावर थेंब झेलायची. आत्या तोही हात पुसून आत घ्यायच्या.

दुसऱ्या वर्षी भादव्यात झड लागली. सोयाबीन जोमात होतं, सगळा गाव खुशीत होता. मी घरी शिकवणी घेत होते. गल्लीतली पोरं संध्याकाळी यायची. त्या दिवशी ती आली, पण पुस्तकात कुणाचंच लक्ष नव्हतं. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. मनवानं माझ्याकडे बघितलं. लांज्याच्या अंगणात दिवसभर हुंदडणारी माझी पोर मला त्या नजरेत दिसली.

मी पुस्तक मिटलं. "चला, बाहेर."

आत्या दारात आडव्या आल्या. "कुटं निघालीस?"

"खेळायला. थोडा वेळ."

"न्हाय. एकबी पोरगं भायेर जायचं न्हाय."

"आत्या, पावसानं काय होतंय? आम्ही कोकणात..."

"तुमच्या कोकणातलं मला सांगू नकोस!" त्यांचा आवाज फाटला. मग दाराची चौकट धरून त्या खाली बसल्या. "भूकंपात घर पडलं ना, त्याच्या मागनं पाऊस लागला. वर छप्पर न्हाय, खाली चिखल. संतू मांडीवर. लई लहान हुता. एक ताडपत्री आमी चार घरची माणसं ओढून धरत हुतो. पोरगं तापानं फणफणलं, डोळं पांढरं केलं. म्या रात्रभर देवाला म्हणत हुते, घर नेलंस, आता पाऊस तरी ने."

रेनकोटचं कोडं मला तेव्हा उलगडलं. मी आत्यांजवळ बसले.

"आत्या, तेव्हा आत जायला घर नव्हतं," मी म्हटलं. "आता आहे. पोरं भिजतील, दमतील आणि या दारातनं आत येतील. तुम्ही टॉवेल घेऊन इथंच बसा."

त्यांनी एकेका पोराकडे बघितलं. मग जरा बाजूला सरकल्या. एक पोरगं बाहेर पडेल एवढ्याच.

मी मोठ्या दिमाखात पहिलं पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत रुतले. आमच्याकडची तांबडी माती पाणी पिऊन मोकळी होते. इथली काळी माती पाय धरते आणि सोडत नाही. पाय ओढला तर चप्पल आतच राहिली आणि मी सपशेल आडवी झाले. पोरं आधी घाबरली. मी हसतेय हे बघून मात्र जो कल्ला उठला! दिराचा मुलगा ओरडला, "काकू, चप्पल कशाला घालता? काळ्या रानात चप्पल चालत न्हाय!" आणि त्या सगळ्या हसण्यात सर्वांत मोठ्यानं मनवा हसत होती.

आम्ही चिखलाचे बांध घातले, फोडले, पुन्हा घातले. मग कुणीतरी एक लोखंडी सळई आणली. ती फेकून चिखलात उभी रुतवायची. रुतली तर तिथं जाऊन पुढं फेकायची, आडवी पडली की डाव गेला. हरणाऱ्यानं तेवढं अंतर लंगडी घालत परत यायचं. पोरांनी या खेळाबद्दल ऐकलं होतं, पण तो जमत कुणालाच नव्हता. माझी सळई तर दर वेळी आडवीच.

"आगं, दगुड मारल्यावानी काय मारतीस!" दारातून आवाज आला. "मनगटातनं सोड, मनगटातनं!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आत्या उठून उभ्या होत्या. खांद्यावर टॉवेल, पदर खोचलेला. उंबऱ्याशी त्या थांबल्या, वर आभाळाकडे बघितलं, आणि उतरल्या. पाऊस त्यांच्या कपाळावर पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मनवा पळत गेली आणि त्यांचा हात धरला. "चल गो आजी," ती म्हणाली. या वेळी कुणीही खुदखुदलं नाही.

आत्यांनी सळई घेतली, तोलली आणि सोडली. खच्चकन रुतली. पुन्हा सोडली, पुन्हा रुतली. असं करत त्या पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्या. पोरं मागून नाचत होती. "मुरूम गावी, माहेरी, माझ्या हातनं कुणी डाव घेतला न्हाय!" त्या ओरडून सांगत होत्या. पदर चिखलानं माखलेला, केस सुटलेले. मला त्या वेळी त्यांच्यातली लग्नाआधीची मुलगी दिसली.

तेवढ्यात संतोषची मोटरसायकल आली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट. त्यानं गाडी रस्त्यातच उभी केली आणि आईकडे बघत राहिला.

"बगतोस काय?" आत्या म्हणाल्या. "काढ ते, आन् ये."

त्यानं रेनकोट काढून हँडलला अडकवला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाऊस पसरत गेला आणि मास्तरांनी पहिल्याच डावात सपाटून मार खाल्ला. गल्लीतून लंगडी घालत परत येताना तो हसत होता की रडत होता, पावसात कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर गल्लीतली दारं एकेक करून उघडत गेली. आयाबाया आधी ओरडायला आल्या आणि मग उभ्या राहून आत्यांची बाजू घेऊ लागल्या.

आता पाऊस लागला की आमच्या घरापुढं गर्दी होते. मनवा इथल्या पोरींना "काय गो" म्हणते आणि त्याही तिला तसंच म्हणतात. दादा, तुम्ही फोनवर विचारता, करमतं का तिकडे? आणि माझ्यासारख्या घाट चढून आलेल्या मैत्रिणींनो, तुम्हीही विचारता, आपलं वाटायला किती दिवस लागतात? दिवसांचं मला सांगता येत नाही. कोकणाची आठवण अजून येते, रोज येते.

पण परवा भुरभुर सुरू झाली तेव्हा मी कणीक मळत होते. बाहेर पोरांचा कालवा वाढत गेला आणि त्यातून आत्यांची हाक आली, "सूनबाई, ये की! सगळ्यांचं झालं. तुझा डाव ठिवलाय आमी."

मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले. जिथं आपल्यावाचून खेळ अडतो, जिथं आपला डाव कुणीतरी राखून ठेवतं, तेच आपलं घर. माझी सळई त्या दिवशी रुतली, दादा. पहिल्याच फेकीत!